रंग राखायची सोय

भोरमध्ये मानसिंगच्या केबलवर सिनेमा अर्ध्यावर थांबवून जाहिराती दाखवायची पद्धत होती, आणि त्या जाहिराती झुल्फिकार बनवायचा. किराणा दुकानाची दिवाळी, कुणाच्या नातीचा पहिला वाढदिवस, दहाव्याचे ठिकाण, ग्रामपंचायतीचे उमेदवार, सगळे त्याच्या हातून जाई. हातून म्हणजे रबरी बटणांच्या, वहीएवढ्या एका जुन्या कॉम्प्युटरवरून. थोरल्या भावाने तो फार वर्षांपूर्वी मस्कतहून आणला होता. टीव्हीला जोडायचा की चालू. असली यंत्रे आता जगात हौशी लोकांच्या माळ्यावर उरली होती. भोरात मात्र एक अजून रोज संध्याकाळी कामाला लागे. वीज खाली-वर झाली की मानसिंगच्या मेहुण्याच्या दुकानातले नवेकोरे कॉम्प्युटर मान टाकत. हा जुना गडी डोळा मिचकावून परत उभा राही. म्हणून मानसिंगने त्याला ठेवला होता, आणि यंत्र झुल्फिकारच्या मालकीचे म्हणून झुल्फिकारलाही.

त्या यंत्राला एक खोड होती. त्याचा पडदा बारीक बारीक चौकोनांत वाटलेला असे. झुल्फिकार त्या चौकोनांना घरे म्हणायचा. एका घरात दोनच रंग राहू शकत. तिसरा आला की त्याला हाकलावे लागे. त्यामुळे माणसाचा फोटो त्या पडद्यावर बसवणे म्हणजे लग्नाची पंगत खोपटात बसवण्यासारखे होते. त्यासाठी झुल्फिकारने एक प्रोग्राम लिहिला होता. तो चालायचा दुसऱ्या एका मोठ्या, सेकंडहँड कॉम्प्युटरवर. फोटो आत घातला की प्रोग्राम एकेक घर तपासायचा, तिथे कुठल्या दोन रंगांची संख्या जास्त ते मोजायचा आणि उरलेल्यांना त्या दोघांपैकी जवळच्या रंगात ढकलायचा. मग सगळा फोटो टेपच्या शिट्टीसारख्या आवाजात जुन्या यंत्रात उतरे.

हा प्रोग्राम त्याने सायबर कॅफेतून इंटरनेटवर ठेवला होता. कुठल्या कुठल्या देशांतले जुन्या यंत्रांचे वेडे तो वापरत आणि त्याला कौतुकाने लिहीत. झुल्फिकार ते वाचून अस्वस्थ व्हायचा. ही माणसे सभ्य आहेत, म्हणून असे लिहितात, असे त्याला वाटे. नवी आवृत्ती त्याने कधीची हातात घेतली होती. छटा अधिक मऊ करायची सोय, अख्खा फोटो एकदोन ठिपके इकडे-तिकडे सरकवून बघायची सोय. पण प्रत्येक सोय त्याला अर्धीकच्ची वाटायची, म्हणून आवृत्ती बाहेर पडत नव्हती. पन्नाशी उलटली तरी बोलण्याआधी वाक्य मनात दोनदा म्हणून बघायची सवय त्याची गेली नव्हती. आणि पुष्कळदा ते वाक्य मनातच राही.

प्रोग्रामची चूक त्याला नवी नव्हती. बाईच्या कपाळावरचे कुंकू म्हणजे चारदोन ठिपक्यांचा ऐवज. भोवती कपाळ आणि केस यांचेच बहुमत. तेव्हा प्रोग्राम मुकाट्याने कुंकू पुसून टाकी. मागे एकदा मानसिंगची सख्खी आत्या हळदीकुंकवाच्या जाहिरातीत बिनकुंकवाची आली आणि आत्याचे यजमान काठी घेऊन माडी चढून आले होते. तेव्हापासून झुल्फिकार प्रत्येक सवाष्णीच्या कपाळावर शेवटी हाताने लाल घर भरायचा. ते चौकोनी दिसे. भोरमध्ये कुणी मोठे कुंकू लावले की पोरी म्हणत, "केबलचं लावलंय काय?"

तर त्या सकाळी माडीवर एक बाई आली. चाळिशी ओलांडलेली, उन्हाने रापलेली, पायात जाड वहाणा. एसटीच्या धुळीने पदर मळलेला. तिने दारातच विचारले, "फोटू कोन बनिवतं?"

"मालक बाहेर गेलेत. बसा," झुल्फिकार म्हणाला.

"मालक नगं. फोटू बनिवनारा पायजे."

"मीच बनवतो."

ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "मंग बगा माज्याकडं. कपाळाला काय दिसतंय?"

परक्या बाईच्या चेहऱ्याकडे नीट बघायची झुल्फिकारला सवय नव्हती. त्याने बघितले. ठसठशीत, गोल, जरा घामाने ओघळलेले.

"कुंकू."

"तुमच्या टीव्हीत कुठं ग्येलं मग त्ये?"

तेव्हा त्याला ओळख पटली. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका गावची उमेदवार, पारूबाई, निशाणी कपबशी. बायकांसाठी राखीव जागा होती आणि बचत गटातल्या बायकांनी हिला उभे केले होते. मानसिंगचे वेल्ह्याच्या बाजारपेठेतही थोडे कनेक्शन होते. तिथल्या जाहिराती भोरमध्ये व्हिडिओ कॅसेटवर भरायच्या आणि एसटीने चेलाडी फाट्यावरून वर पाठवायच्या, असा रिवाज होता. मागच्या कॅसेटमध्ये हिचा फोटो गेला होता.

पारूबाई जमिनीवर बसली आणि तिने सांगायला घेतले. तिचा नवरा हैबती तापाने गेला, त्याला बरीच वर्षे झाली. दहाव्याला बायका तिचे कुंकू पुसायला आल्या तेव्हा तिने त्यांचे हात धरले.

"हैबतीनं आमच्या मेंढरांच्या पाठीवं लाल पट्टा वढलेला," ती म्हणाली. "वळखायला. त्यो गेल्यावं माजा दीर, गेनबा, त्यानं सांगितलं, पट्टा ऱ्हाऊ द्या, आपल्या घरची खूण हाय. म्या म्हनलं, मेंढराच्या पाठीवं घरची खूण ऱ्हाती, तर माज्या कपाळाची का पुसता? म्या काय मेंढरापरास हलकी?"

"मग?"

"मंग काय. लगनात बोलवत न्हाईत, वटी भरत न्हाईत. देवळात गेले तर बायका सरकून बसत्यात. बसूं देत की, मला जागा ऐसपैस मिळती." ती हसली, पण लगेच थांबली. "परवा सांजच्याला वेल्ह्यात बाळाबाईच्या च्याच्या हाटेलात टीव्ही लागला. माजं थोबाड आलं. बिनकुंकवाचं. आन् गेनबा चारचौघांत उठून म्हनतो, बगा, येवढी वर्सं गावानं सांगितलं तवा ऐकलं न्हाई. खुर्ची दिसली तशी आपल्या हातानं पुसली."

पारूबाईने पदर सारखा केला.

"मत नगं द्या मला. पर ह्ये म्या क्येलं न्हाई. ज्या बायका माज्यामागं उभ्या हायती त्या कालपासनं माज्या कपाळाकडं बगत्यात, खरं कुठलं, टीव्हीतलं का ह्ये. उद्या परचार बंद. आज रातच्याला माजं कुंकू टीव्हीत दिसाया पायजे. पुसलं त्यांनीच लावायचं."

झुल्फिकारने तिला यंत्राची खोड समजावून सांगायला सुरुवात केली. घरे, दोन रंग, बहुमत. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजी मशीन समद्याच बायांचं पुसतं?"

"हो."

"पर तुमच्या जाहिरातीत त्या साडीच्या दुकानवाल्या बाईला तर हाय की कुंकू. वीटंयेवढं."

इथे झुल्फिकारने वाक्य मनात म्हणून बघितले. एकदा. दुसऱ्यांदा. खोटे वाक्यही तयार होते, आणि ते सोपे होते. पण समोर बसलेल्या बाईला फसवायचा धीर त्याला झाला नाही.

"ते मी नंतर हाताने भरतो," तो म्हणाला. "सवाष्णींचं. तुमच्या जाहिरातीच्या कागदावर कैलासवासी हैबती असं लिहिलं होतं. ते वाचलं, आणि मग मी तुमच्या फोटोकडे नीट बघितलंच नाही. मशीनने जे केलं ते बरोबरच असेल असं धरलं."

पारूबाई त्याच्याकडे बघत राहिली.

"म्हंजी मशिनीनं न्हाई. तुमी पुसलं."

"हो," झुल्फिकार म्हणाला.

एवढे कबूल केल्यावर खाली बघत बसणे शक्य नव्हते. त्याने तिचा मूळ फोटो काढून मोठ्या कॉम्प्युटरवर घेतला. फोटोत कुंकू होते, चांगले स्वच्छ दिसत होते. प्रोग्राममधून काढल्यावर कपाळ कोरे. नेहमीसारखा त्याने हाताने लाल रंग भरून पाहिला आणि त्याच्या तोंडून च् असा आवाज निघाला. पारूबाईने पदर कपाळावर जरा पुढे ओढलेला होता. तिचे कुंकू नेमके चार घरांच्या भिंती जिथे मिळतात तिथे आले होते. लाल भरला की चारही घरे पेटत होती, केस लाल, पदराची कड लाल.

पारूबाई मागून वाकून बघत होती. "ह्ये कुंकू न्हाई. कुनी धोंडा मारल्यावानी दिसतंय."

"भिंतींवर आलंय ते."

"मंग भित्ती हालवा."

"भिंती मशीनच्या आहेत. त्या हलत नाहीत." तो थांबला. कित्येक महिने अर्धीकच्ची म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट त्याला आठवली. "फोटो हलवता येतो. सगळा फोटो थोडा सरकवला तर कुंकू एका घराच्या मधोमध येईल. मग त्या एका घरात लाल आणि कपाळाचा रंग. काळ्याची तिथे गरजच नाही."

"मंग हालवा की फोटू. मी न्हाई म्हनले व्हय?"

झुल्फिकार कामाला बसला. पण नुसते सरकवून त्याचे समाधान होईना. या बाईचे लागेल, पुढच्या बाईचे काय? पुढच्या वेळी पुन्हा मी कागद वाचीन आणि फोटो बघणार नाही. त्याला स्वतःचा भरवसा कधीच नव्हता, आणि आज पहिल्यांदा त्या बेभरवशाचा उपयोग झाला. त्याने ठरवले, प्रोग्रामने यापुढे कुणाचाही रंग गुपचूप पुसायचा नाही. घरातून तिसरा रंग जाणार असेल आणि तो आजूबाजूला कुठेच नसेल, तर प्रोग्राम थांबेल, तेवढा भाग मोठा करून दाखवील आणि विचारील: हा रंग जाणार आहे. ठेवायचा? ठेवायचा म्हटले की ते ठिपके पक्के होतील, आणि त्यांना घर मिळेपर्यंत प्रोग्राम बाकीचा सगळा फोटो सरकवत राहील.

पारूबाईने फडके सोडले. नाचणीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. अर्धी भाकरी तिने की-बोर्डशेजारी ठेवली. "खावा. हात चालतो त्यो तोंडाच्या जिवावं."

दुपारी मानसिंग आला. दोन माणसांनी पडद्यात डोके घातलेले बघून तो दारातच थबकला. झुल्फिकारने जे केले ते थोडक्यात सांगितले. मानसिंगने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला.

"झुल्फीभाई, जरा माझं ऐका. गेनबाचा फोन आला होता, फोटो बदलू नका म्हणून. त्याच्या वेल्ह्यातल्या घराच्या छपरावरून आपली वायर पुढं गेलीय. उद्या त्यानं पक्कड लावली तर अर्धी बाजारपेठ काळी. फोटो आहे तसा राहू द्या. वाईट काय दिसतोय? सोज्वळ दिसतोय."

"सोज्वळ तुमच्या घरी," पारूबाई म्हणाली.

"बाई, तुम्ही मधी बोलू नका. मी तुमच्याही भल्याचंच बोलतोय." मग तो पुन्हा झुल्फिकारकडे वळला. "आणि दुसरं. तुमचं नाव लोकांना ठाऊक आहे. मुसलमानानं विधवेला कुंकू लावलं, असं उद्या कुणी उठवलं तर? मला काही नाही हो. पण लोकांची तोंडं मी धरू का तुम्ही?"

 हे एकट्या मानसिंगलाच सुचले असे नव्हते. सकाळपासून ते झुल्फिकारच्याही मनात होते. भोरात त्याच्या चार पिढ्या गेल्या होत्या, कुणी कधी वाकडे बोलले नव्हते, आणि ते तसेच राहावे म्हणून तो जन्मभर भिंतीकडेने चालला होता. त्यात बाईला पुरुषाने कुंकू लावायचे म्हणजे काय, हेही त्याला कळत होते.

पारूबाईने हात पदराला पुसले. "सरका," ती झुल्फिकारला म्हणाली. "इतकी वर्सं रोज सकाळी म्या माज्या हातानं लावती. कुनी लावाया नगं. हे मशीन कसं विचारतंय म्हनला, दावा."

तो खुर्चीवरून उठला. ती बसली. माऊस तिच्या मुठीत बर्फीच्या तुकड्यासारखा दिसत होता आणि पडद्यावरचा बाण मेंढरासारखा पळत होता. "थांब रं," ती त्याला म्हणाली. प्रोग्राम एकेका घरावरून पुढे जात होता. पदराच्या काठावर थांबला, विचारले. झुल्फिकारने तिला वाचून दाखवले. "जाऊ द्या," ती म्हणाली. गळ्यातल्या काळ्या पोतीतल्या एका मण्यावर थांबला. "जाऊ द्या." मग कपाळ आले. सगळा पडदाभर कपाळ, आणि मधे चार भिंतींवर सांडलेला लाल.

"हा रंग जाणार आहे. ठेवायचा?" झुल्फिकारने वाचले.

तिने बाण आणला, नेम धरला, आणि दाबले.

फोटो एक ठिपका उजवीकडे सरकला. मग आणखी. मग खाली. केस सरकले, पदर सरकला, कान, मागचे झाड, सगळे हलले आणि लाल एका घराच्या मधोमध येऊन बसला. चौकोनी नाही. गोल. झुल्फिकारला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून त्याने चष्मा पुसला.

"आता बरं," पारूबाई म्हणाली. "जरा वर लागलंय. पर घाईत माजं असंच लागतं."

"कॅसेट जाणार नाही," मानसिंग म्हणाला. आता तो आवाज खाली आणत नव्हता. "मालक मी आहे."

झुल्फिकारने वाक्य मनात म्हणून बघितले नाही. त्याने जुन्या यंत्राची टीव्हीतली वायर काढली, मग विजेची काढली. सवयीप्रमाणे वायर यंत्राभोवती नीट गुंडाळू लागला.

"काय करताय?"

"घरी नेतो."

"आणि संध्याकाळी जाहिराती?"

"तुमच्या मेहुण्याचे कॉम्प्युटर आहेत की."

डोक्यावरचा पंखा तेवढ्यात मंद झाला. वीज खाली आली होती. तिघांनीही वर बघितले. पाती एकेक करून मोजता येतील इतकी सावकाश फिरत होती.

मानसिंगने कपाळाला हात लावला. "झुल्फीभाई, तुम्ही असे नव्हता."

"नव्हतो."

"राग कसला धरताय. लावा ते परत. भरा कॅसेट, न्या. मी आलोच नव्हतो, मला काही ठाऊक नाही, असं समजा."

"नाही," झुल्फिकार म्हणाला. "तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही बघितलंत. गेनबाने विचारलं तर सांगा, झुल्फिकारने केलं. पण ठाऊक नाही असं म्हणू नका."

 थोड्या वेळाने मानसिंगनेच कपाटातून कोरी कॅसेट काढून दिली.

एरवी कॅसेट कंडक्टरच्या हाती सोपवली जाई. आज झुल्फिकार स्वतः निघाला. स्टँडवरच्या फोनवरून त्याने घरी कळवले.

"वेल्ह्याला चाललोय. उशीर होईल."

"आत्ता? कशाला?" त्याच्या बायकोने, अकिलाने विचारले.

"एका बाईच्या कुंकवाचं काम आहे."

 मग अकिला म्हणाली, "अहो, आधी स्वेटर न्या. बाकीचं आल्यावर सांगा. अन् नीट सांगा."

चेलाडीला गाडी बदलून ते वेल्ह्यात पोचले तेव्हा तोरण्यावरचे ऊन गेले होते. मानसिंगचा वेल्ह्यातला माणूस माउली कापडदुकानामागच्या खोलीत मशीन सांभाळायचा. त्याने कॅसेट हातात घेतली, पारूबाईकडे बघितले, झुल्फिकारकडे बघितले, आणि काही न विचारता सिनेमा थांबवला.

बाळाबाईच्या हॉटेलात बाजार उठवून आलेली माणसे बसली होती. गेनबा कोपऱ्यातल्या बाकावर होता, पांढरी टोपी, हातात बशी. सिनेमा थांबला तसे सगळे वैतागले. खतांची जाहिरात आली, 'टेम्पो भाड्याने मिळेल' आले, मग पारूबाई आली.

पहिल्यांदा कुणाच्या लक्षात काय बदलले ते आले नाही. "फोटू बाजूला सरकलाय," एकजण म्हणाला. डावीकडे काळी पट्टी दिसत होती. मग दुसऱ्याने नुसते बोट केले. इतक्या लहानशा पडद्यावर, सगळ्या भुरकट रंगांत, तेवढा एक लाल ठिपका होता आणि नजर दुसरीकडे जात नव्हती.

गेनबाने बशी ठेवली. "हे मागनं रंगीवलंय. परवा न्हवतं."

"परवा माझी चूक झाली होती," झुल्फिकार दारातून म्हणाला. त्याचा आवाज फाटला. अनोळखी माणसांच्या इतक्या घोळक्यात तो आजवर बोलला नव्हता. "यांच्या फोटोत कुंकू होतं. मी पुसलं. यांनी नाही."

"तुमी कोन?"

"फोटो बनवणारा. झुल्फिकार. भोरचा."

"झुल्फिकार," गेनबाने नाव सावकाश उच्चारले आणि भोवती बघितले. कुणीतरी त्याचा धागा उचलील म्हणून तो थांबला. कुणी उचलला नाही. चहा पिणाऱ्यांनी चहा प्यायला.

पारूबाई पुढे होऊन टीव्हीखाली उभी राहिली. वर तिचा फोटो, खाली ती. "भाऊजी, मिळवून बगा," ती म्हणाली. "येक खालचं, येक वरचं. म्या पुसलं न्हाई. कालबी न्हाई, आजबी न्हाई. मत कुनाला द्यायचं त्यांला द्या."

गेनबा उठला. "वायर माज्या छपरावरनं ग्येलीया. आत्ता काडतो. मग बगा कुंकू."

बाळाबाई गाळणीतून चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही. "काडा की. पर आदी घरी इचारून या. तुमची मंडळी आन् सून साडेसातची मालिका बघत्यात. काल नंदंनं इख कालवलंय दुधात. आज कळायचंय कोन प्यायलं त्ये."

हॉटेल हसले. गेनबा उभाच राहिला, मग टोपी सारखी करून बसला. बाळाबाईने त्याच्यापुढे दुसरी बशी ठेवली. "ह्यो बिनसाकरंचा. तुमचं तोंड कडूच हाय, फरक न्हाई पडायचा."

त्या रात्री वेल्ह्यात जाहिराती पुन्हा पुन्हा लागल्या. वायर जागेवर होती.

निवडणूक पारूबाई हरली. गेनबाच्या बाजूची बाई आली. झुल्फिकारला ते कळले तेव्हा त्याला वाटले, आपण उगाच गेलो, आपल्यामुळेच बाई पडली असेल. हे त्याने अकिलाला सांगितले. अकिला म्हणाली, "तुमच्यामुळे कोणी पडत नाही आणि कोणी निवडूनही येत नाही. जेवा."

पण नव्या आवृत्तीबद्दल त्याला शंका वाटली नाही, हे नवल. सायबर कॅफेत बसून त्याने ती इंटरनेटवर टाकली. नवे काय, हे सांगताना छटांबद्दल एक ओळ लिहिली आणि खाली लिहिले की प्रोग्राम आता कुठलाही एकटा रंग विचारल्याशिवाय पुसणार नाही. पुढे काहींनी तक्रार केली. फार विचारतो, कामाचा खोळंबा होतो, हे बंद करायची सोय द्या. मानसिंगही तेच म्हणायचा. झुल्फिकारने सगळ्यांना एकच उत्तर दिले, की ती सोय येणार नाही.

सुगी संपल्यावर पारूबाई पुन्हा भोरला आली. बचत गटाने नाचणीचे पापड करायला घेतले होते आणि त्याची जाहिरात द्यायची होती. फोटो सगळ्या गटाचा होता. देवळाच्या ओट्यावर दोन ओळींत बसलेल्या बायका, पुढे पापडांची चळत.

"भाकरी आनलीया," ती म्हणाली. "मागच्यावानी येळ लागंल ना?"

"जास्त लागेल. बायका पुष्कळ आहेत."

झुल्फिकारने फोटो आत घातला. प्रोग्राम पहिल्या बाईच्या कपाळावर थांबला आणि विचारले. त्याने ठेवा म्हटले. दुसऱ्या बाईवर थांबला. ठेवा. मागच्या ओळीत एक म्हातारी होती, पांढऱ्या केसांची, गळा मोकळा, आणि कपाळावर ताजे, जरासे तिरपे लागलेले कुंकू. तिथे थांबला. झुल्फिकारने ठेवा म्हटले. त्या म्हातारीच्या शेजारी आणखी एक बाई तशीच होती, तिच्या पलीकडे आणखी एक. कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही, हे पारूबाईला ठाऊक होते आणि ती बाजूलाच भाकरी मोडत बसली होती. झुल्फिकारने तिला विचारले नाही.

सगळ्यांना घरे मिळेपर्यंत फोटो इतका सरकला की पापडांची चळत अर्धी पडद्याबाहेर गेली.